ओठांच्या सुईची जाहिरात गावात पोचली. बिघडलं तर दवाखाना किती लांब?

धाराशिव : लग्नसराई जवळ आली की मोबाईलवरच्या जाहिराती बदलतात. बियाणं, ट्रॅक्टर, साड्यांच्या जाहिरातींच्या मधेच एक चेहरा दिसतो. आधीचा ओठ पातळ, नंतरचा भरलेला. आधी डोळ्याखाली खड्डा, नंतर चेहरा तुकतुकीत. खाली लिहिलेलं असतं, 'फक्त वीस मिनिटं, ऑपरेशन नाही, दुखत नाही, आजच बुकिंग करा.' या सुईला 'फिलर' म्हणतात. कालपर्यंत ही गोष्ट पुण्या-मुंबईची, सिनेमावाल्यांची होती. आता तिची जाहिरात परांडा, भूम, उमरगा, लोहारा इथल्या मोबाईलवरही तेवढ्याच सहज येते.

कुणी नटावं, कुणी नटू नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यात बाहेरच्याने बोलायचं कारण नाही. पण फेशियल आणि फिलर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फेशियल कातडीच्या वरून होतं. फिलर कातडीच्या आत, रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात सुई घालून भरतात. फेशियल बिघडलं तर चार दिवस पुरळ येईल. फिलर बिघडलं तर कातडी काळी पडून झडू शकते आणि क्वचित प्रसंगी डोळाही जाऊ शकतो. म्हणून सुई घेण्याआधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. टोचणार कोण? टोचणार काय? आणि बिघडलं तर पुढच्या तासाभरात सांभाळणार कोण?

फिलर म्हणजे नेमकं काय?

आपल्या शरीरात, सांध्यांत आणि कातडीत हायलुरॉनिक ॲसिड नावाचा एक चिकट पदार्थ असतोच. तो पाणी धरून ठेवतो. कारखान्यात त्याचीच घट्ट जेल बनवून सिरिंजमध्ये भरतात. ही जेल ओठात, गालात, हनुवटीत किंवा नाकाशेजारच्या घडीत टोचली की तो भाग भरलेला दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या फिलरला डिसेंबर २००३ मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून जगभर त्याचा वापर वाढला.

ही जेल कायमची राहत नाही. जागा आणि प्रकार पाहून साधारण सहा महिने ते दीड वर्षात ती विरघळते. म्हणजे एकदा पैसे भरले आणि काम संपलं, असं नाही. पुन्हा तोच चेहरा हवा असेल तर पुन्हा सुई, पुन्हा खर्च.

बोटॉक्स वेगळं. ते स्नायू काही महिने सैल करणारं औषध आहे, फिलर भरण करतं. जाहिरातीत दोन्ही एकाच ओळीत येतात, म्हणून लोकांची गल्लत होते.

हायलुरॉनिक ॲसिडच्या फिलरला एक मोठा फायदा आहे. चुकीच्या जागी गेलं तर हायलुरोनिडेज नावाच्या इंजेक्शनने ते विरघळवता येतं. पण स्वस्तात टोचला जाणारा प्रत्येक पदार्थ हायलुरॉनिक ॲसिड असेलच असं नाही. पातळ सिलिकॉन किंवा कायम राहणारं दुसरं काही टोचलं, तर त्याला उतारा नाही. वर्षांनंतरही गाठी येतात, त्या कापून काढाव्या लागतात. पातळ सिलिकॉन टोचून अंगाचा आकार बदलण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच इशारा दिला होता.

धोका कुठं दडलाय?

सूज येणं, थोडं काळंनिळं पडणं, दोन-चार दिवस दुखणं हे नेहमीचं. आठवड्याभरात ते ओसरतं. खरी भीती रक्तवाहिनीची आहे. सुईचं टोक चुकून धमनीत गेलं आणि जेल तिच्यात शिरली, तर पाटात गाळ अडकावा तसं होतं. पुढच्या रानाला पाणी नाही. त्या भागाच्या कातडीला रक्त मिळत नाही आणि ती मरायला लागते.

चेहऱ्यावरच्या काही धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. दोन भुवयांच्या मधली जागा, नाक, कपाळ आणि नाकाशेजारची घडी या जागा सगळ्यांत धोक्याच्या मानल्या जातात. इथे दाब देऊन जेल भरली तर ती उलट्या दिशेने ढकलली जाऊन डोळ्याच्या पडद्यापर्यंत जाऊ शकते. पडद्याचं रक्त थांबलं की तास-दीड तासात, कधी त्याच्याही आधी, कायमचं नुकसान होतं. जेल मेंदूकडे गेली तर लकवाही मारू शकतो. असं फार क्वचित होतं, हे खरं. पण ज्याच्या बाबतीत होतं, त्याला गेलेली नजर परत मिळणं फार अवघड असतं.

म्हणून जाणते डॉक्टर फिलर देताना घाई करत नाहीत. थोडं थोडं, हळूहळू भरतात. काही जागी टोकदार सुईऐवजी बोथट टोकाची नळी वापरतात. मधे मधे थांबून कातडीचा रंग बघतात, पेशंटला विचारतात. आणि हायलुरोनिडेज हाताशी ठेवतात. ज्याच्याकडे हे औषध नाही, त्याने फिलरला हात घालू नये, इतका साधा नियम आहे.

आपल्या जिल्ह्याचा हिशेब वेगळा

शहरातल्या माणसाला जो धोका पत्करता येतो, तो तालुक्यातल्या माणसाला तसाच पत्करता येत नाही. कारण अंतर.

समजा, भूमच्या किंवा उमरग्याच्या एखाद्या मुलीने ओळखीच्या ठिकाणी ओठात सुई घेतली. घरी आल्यावर रात्री ओठ पांढरा पडला, आग होऊ लागली. आता जायचं कुठं? गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साप, विंचू, ताप, बाळंतपण सांभाळायची तयारी असते, फिलर उतरवायची नसते. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यापुढचे आधार म्हणजे सोलापूरचं डॉ. वैशंपायन स्मृती, लातूरचं विलासराव देशमुख आणि कळंबकरांना जवळचं अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, ही शासकीय महाविद्यालयं. उमरगा किंवा भूमहून सोलापूर गाठायचं तर पावणेदोन-दोन तास धरा. डोळ्याच्या पडद्याकडे तेवढा वेळ नसतो.

दुसरी गोष्ट, पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन सुई घ्यायची आणि त्याच रात्रीच्या गाडीने गावी परतायचं, असं बरेच जण करू पाहतात. एका दिवसात काम होतं, राहण्याचा खर्च वाचतो. पण कातडीचं रक्त अडकल्याची लक्षणं कधी लगेच दिसतात, तर कधी काही तासांनी. तोवर गाडी टेंभुर्णीच्या पुढे आलेली असते. ज्याने टोचलं तो मागे राहिलेला आणि पुढच्या डॉक्टरला काय टोचलं ते माहीत नाही. म्हणून बाहेरगावी करायचंच असेल, तर निदान पहिले दोन दिवस त्याच गावात, डॉक्टरच्या हाकेच्या अंतरावर राहायला हवं. राहण्याचा खर्च हा त्या सुईच्या किमतीतच धरायचा.

अकोल्याने दाखवलेला धडा

फिलर नव्हे, पण सौंदर्याच्याच बाजारातलं एक प्रकरण महाराष्ट्राला हादरवून गेलं. अकोल्यात एक तरुणी, तिची आई आणि बहीण अशा एकाच घरातल्या तिघींना किडनीचा आजार झाला. तिघींना एकदम कसा, हे कोडं मुंबईच्या केईएम रुग्णालयात उलगडलं. तिघी उजळ दिसण्यासाठी एकच क्रीम लावत होत्या. ते ओळखीच्या ब्युटीशियनकडून घेतलेलं होतं. तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनात पाऱ्याची नकळत आलेली मात्रा दहा लाखांत एक भाग एवढीच चालते. त्या क्रीममध्ये ती कित्येक पटींनी जास्त होती. २०२३ च्या सुरुवातीला या बातम्या आल्या. त्यानंतर केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही अशाच क्रीममुळे किडनी बिघडल्याचे रुग्ण डॉक्टरांना सापडले.

या प्रकरणात कुणी गल्लीबोळातल्या भोंदूकडे गेलं नव्हतं. ओळख होती, विश्वास होता, क्रीमने रंग उजळत होता म्हणून समाधानही होतं. ज्या वस्तूचा परिणाम झटपट दिसतो, तिच्यावर आपण लवकर भरवसा टाकतो. पण डबीवर बनवणाऱ्याचं नाव, परवाना, घटक यांतलं काय लिहिलंय, हे बघायचं राहून गेलं.

नुसत्या वरून लावायच्या क्रीमने तीन किडन्यांचे पेशंट तयार होत असतील, तर नाव-गाव नसलेली वस्तू थेट कातडीच्या आत टोचून घेताना किती जपावं लागेल, याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

एक सुई, दोन माणसं : सगळ्यांत मोठी चूक

फिलरची सिरिंज साधारण एक मिलीची असते. शहरात एका सिरिंजला पंधरा-वीस हजार किंवा त्याहूनही जास्त मोजावे लागतात. एका माणसाला कधी अर्धीच पुरते. मग उरलेली अर्धी फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या वेळी वापरू, किंवा दोघी बहिणींत वाटून घेऊ, असा 'काटकसरीचा' विचार पुढे येतो. ही काटकसर जिवावर बेतू शकते. सुई बदलली तरी चालत नाही. सिरिंजच्या आत मागे आलेला रक्ताचा अदृश्य अंशही कावीळ किंवा एचआयव्ही द्यायला पुरतो.

ही भीती कागदावरची नाही. २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने कावीळ-बी पसरली आणि अनेकांचे जीव गेले. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ इथे अनेकांना एचआयव्ही निघाला, तेव्हा सायकलवरून फिरून स्वस्तात इंजेक्शन देणाऱ्या एका बोगस डॉक्टरच्या सुईकडे बोट दाखवलं गेलं. या घटना तापाच्या, अंगदुखीच्या सुयांच्या. पण सौंदर्याच्या सुईतूनही हेच होतं, हे अमेरिकेत दिसलं. न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये स्वतःच्या रक्ताचा अंश चेहऱ्यावर टोचून घेणाऱ्या महिलांपैकी तिघींना एचआयव्हीची लागण बहुधा तिथूनच झाली, असं तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं. अमेरिकेसारख्या देशात हे घडतं, तर आपल्याकडे डोळे झाकून चालणार नाही.

नियम पाठ करण्यासारखा आहे. एक सिरिंज, एक माणूस, एक वेळ. उरलं ते फेकायचं. आणि सीलबंद खोकं आपल्या डोळ्यांसमोर फोडायचं.

याच कारणासाठी फार स्वस्त 'ऑफर' संशयाची. मालाची किंमतच पंधरा हजार असेल, तर दोन हजारांत ओठ भरून देणारा नेमकं काय भरतोय? दुसऱ्याची उरलेली जेल, मुदत संपलेला माल की भलतंच काही?

कायदा काय म्हणतो, पळवाट कुठं आहे?

कातडीत सुई घालून पदार्थ सोडणं ही वैद्यकीय क्रिया आहे. ती नोंदणीकृत डॉक्टरचीच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ नुसार नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्याखालीही बोगस डॉक्टरवर गुन्हा दाखल होतो.

पण 'नोंदणीकृत डॉक्टर' एवढंही पुरेसं नाही. केस लावण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मार्च २०१९ मध्ये मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा दोन दिवसांत मृत्यू झाला. दिल्लीतही अशाच प्रकारात एका तरुणाचा जीव गेला आणि प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसती कार्यशाळा बघून किंवा यूट्यूबवर शिकून अशी कामं करायला आयोगाने मनाई केली आणि रीतसर शिक्षणाची अट सांगितली. फिलरलाही हाच न्याय लावणं शहाणपणाचं. त्वचारोगाची एमडी, डीएनबी किंवा पदविका, नाहीतर प्लास्टिक सर्जरीची एमसीएच, आणि त्यावर फिलरचा प्रत्यक्ष अनुभव, हे बघून जावं. 'दोन दिवसांचा कोर्स' केल्याचं भिंतीवरचं सोनेरी सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे.

मालाचंही तसंच. १ एप्रिल २०२० पासून देशातली सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. फिलर बाहेरच्या देशातून आलं असेल तर खोक्यावर आयात परवाना क्रमांक, आयातदाराचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असली पाहिजे. नुसती कोरियन किंवा चिनी अक्षरं असलेलं, ऑनलाइन मागवलेलं खोकं म्हणजे दर्जेदार परदेशी माल असं समजू नये. तो चोरवाटेने आलेला किंवा नकलीही असू शकतो. २०२४ मध्ये अमेरिकेत नकली किंवा अयोग्य हातांनी दिलेल्या बोटॉक्समुळे ११ राज्यांत २२ जण आजारी पडले, त्यांतल्या निम्म्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं.

मग पळवाट कुठं? महाराष्ट्रात दवाखान्यांची नोंदणी मुख्यतः १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. तो खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी. एक खुर्ची, एक आरसा आणि एक फ्रीज घेऊन बसलेलं छोटं 'स्किन क्लिनिक' या नोंदणीत सहसा येत नाही. ब्युटी पार्लरला तर दुकानाचा परवाना असला की झालं. म्हणजे आधी कुणी तपासत नाही. तपास होतो तो तक्रार आल्यावर. आणि तक्रार करायला बाई पुढे येत नाही. चेहऱ्यासाठी सुई घेतली हेच घरात लपवलेलं असतं. सासरच्यांना कळेल, लोक हसतील, ही भीती. बोगस सुईवाल्याचं खरं संरक्षण कायद्यातल्या पळवाटेपेक्षा या गप्प बसण्यात आहे.

पार्लरवाल्या ताईंवर राग नको

तालुक्याच्या गावांत ब्युटी पार्लर हा शेकडो घरांचा आधार आहे. कर्ज काढून, कोर्स करून महिलांनी तो उभा केला. थ्रेडिंग, फेशियल, मेंदी, नवरीचा मेकअप हे सन्मानाचं काम आहे आणि त्याला कुणाची हरकत नाही. पण माल विकणारे एजंट त्यांनाच गाठतात. 'सुई नाही, नुसतं पेन आहे, दाबलं की जेल आत जाते,' असं सांगून यंत्र गळ्यात मारतात. या बिनसुईच्या पेनविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये उघड इशारा दिला. दाबाने जेल किती खोल जाईल यावर ताबा राहत नाही, कातडी, ओठ आणि डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.

'गोरं करणारी सलाईन' म्हणून ग्लुटाथायोन देण्याचाही असाच धंदा चालतो. रंग उजळण्यासाठी टोचायच्या कुठल्याच औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता नाही.

उद्या काही बिघडलं तर एजंटचा फोन लागणार नाही. गुन्हा दाखल होईल तो पार्लरवाल्या ताईवर. म्हणून ही सुई नाकारणं गिऱ्हाइकाइतकंच तिच्याही भल्याचं आहे.

सुई घेण्याआधी

डॉक्टरचं नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर मोबाईलवरून तपासता येतं. दवाखान्यात परिषदेचा क्यूआर कोड लावलेला असेल तर तो स्कॅन करावा. नाव, पदवी आणि नोंदणी चालू आहे की नाही ते कळतं. विचारलं म्हणून जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडून उठून यावं.

या लोकांनी तर फिलर घेऊच नये, किंवा आधी डॉक्टरशी सविस्तर बोलावं :

- गरोदर महिला आणि अंगावर पाजणाऱ्या आया.
- अठरा वर्षांखालची मुलं-मुली. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०२१ पासून अठराखालच्यांना सौंदर्यासाठी फिलर आणि बोटॉक्स देण्यावर कायद्याने बंदी घातली आहे.
- चेहऱ्यावर पिकलेले मुरूम, जखम किंवा ओठावर जर उठलेला असेल ते. ओठावर वारंवार जर उठत असेल तर तेही आधी सांगावं.
- रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणारे. हृदयासाठी दिलेली गोळी मात्र मनाने बंद करू नये, तिच्या डॉक्टरला विचारावं.
- भूल देण्याच्या इंजेक्शनची किंवा आधी कशाचीही मोठी ॲलर्जी झालेले.
- मधुमेह ताब्यात नसणारे, संधिवातासारखा प्रतिकारशक्तीचा आजार असणारे.
- नुकतंच दाताचं मोठं काम किंवा लसीकरण झालेले. त्यांनी मधे दोनेक आठवडे जाऊ द्यावेत.

लग्नासाठी करायचं असेल तर हळदीच्या आदल्या दिवशी मुळीच नको. ताज्या टोचलेल्या छिद्रांवर हळद, तेल, उटणं चोळलं तर जंतू आत जायला वाट मिळते. शिवाय सूज उतरायला वेळ लागतो. मधे निदान तीन-चार आठवडे हवेत.

सुई घेताना

चेहरा धुऊन मेकअप पूर्ण काढला का, जंतुनाशकाने पुसलं का, हातमोजे नवे घातले का, हे बघावं. 'हायलुरोनिडेज आहे का?' हा प्रश्न सरळ विचारावा आणि बाटली दाखवायला सांगावी. ॲलर्जीसाठी ॲड्रेनालिन आणि ऑक्सिजन आहे का, तेही विचारावं. खोक्यावरचं स्टिकर, ज्यावर नाव आणि बॅच नंबर असतो, ते आपल्या कागदावर चिकटवून घ्यावं आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढावा. लेखी संमतीपत्र मराठीत वाचून मगच सही करावी. पक्की पावती घ्यावी. सोबत घरचं एक माणूस असावं.

टोचताना एकदम कळ आली, दिसायला अंधूक झालं, तर लाजू नये. लगेच 'थांबा' म्हणावं.

सुई घेतल्यावर

त्या दिवशी मेकअप नको. एक-दोन दिवस कडक ऊन, चुलीची धग, जड काम, दारू टाळावी. सोयाबीनच्या काढणीतून उठून सुई घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात, असं चालणार नाही. डॉक्टरने सांगितल्याशिवाय जागा चोळू नये.

आणि ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नये :

- कातडी पांढरीफटक पडणं, किंवा जाळीसारखे निळे-जांभळे डाग उमटणं.
- वाढत जाणारी आग, कळ, किंवा तो भाग गार लागणं.
- दोन-तीन दिवसांनी बारीक पिवळे फोड येणं, कातडी काळसर होणं.
- अंधूक दिसणं, दोन-दोन दिसणं, पापणी खाली पडणं, डोळा दुखणं, जोराची डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं.
- श्वास लागणं, अंगभर गांधी उठणं, जीभ किंवा घसा सुजणं.
- काही दिवसांनी ताप, पू, लालभडक गरम गाठ.

पहिल्या तीन प्रकारांत ज्याने टोचलं त्याला ताबडतोब गाठावं. पहिल्या काही तासांत उतारा मिळाला तर कातडी वाचण्याची शक्यता बरीच असते. डोळ्याचं, लकव्याचं किंवा श्वासाचं लक्षण असेल तर १०८ ला फोन करून थेट मोठं रुग्णालय, आणि जाताजाता तिथे कळवावं, 'चेहऱ्यात फिलर घेतलंय.' हे वाक्य लपवलं तर डॉक्टर भलत्याच दिशेने तपास करत बसतात. बर्फ दाबणं, हळद भरणं, कोरफड चोळणं यात वेळ घालवू नये.

बिघडलं तर कुठं जायचं?

बोगस डॉक्टर शोधण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते. तालुका आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देता येतो. अर्जाची पोच घ्यावी. नोंदणीकृत डॉक्टरच्या हलगर्जीबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे दाद मागता येते. नकली किंवा बिनपरवान्याच्या मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर करता येते. औषधाचा दुष्परिणाम झाला तर देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर तो कळवावा.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवून दिलं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कसं करायचं हे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं. पण आयोगापुढे शब्दापेक्षा कागद बोलतो. पावती, स्टिकर, संमतीपत्र, आधीचे-नंतरचे फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट. म्हणून तर पावती आधी, सुई नंतर.

आता पाहायचं काय?

सरकारने करण्यासारखं बरंच आहे. खाटा नसलेल्या क्लिनिकांची नोंद, इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींवर नजर, बोगस डॉक्टर समितीच्या नियमित बैठका. यांतलं काय कधी होईल ते होईल. पण गावपातळीवर आजच करता येण्यासारखं एक काम आहे. बचत गटाच्या बैठकीत, आशाताईंच्या गृहभेटीत, कॉलेजच्या मुलींसमोर हा विषय उघडपणे बोलला गेला पाहिजे. मुलींना हसून किंवा रागावून त्या थांबणार नाहीत, फक्त लपून जातील. आणि लपून घेतलेली सुई बिघडली, तर ती रात्री अकरा वाजता आईला सांगायची की सकाळपर्यंत गप्प बसायचं, या विचारातच हातातले तास निघून जातात. घरात सांगायची सोय असेल, तर ते तास वाचतात.